कवचाचा हिशेब

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतले जवळपास ३१ कोटी ७० लाख पक्षी घराच्या परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही परसातली संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. मोठ्या पोल्ट्री शेडमधली वाढ त्या मानाने फारच थोडी होती. याच काळात वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया ही नावे महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचली. गावरान कोंबडीसारखी मोकळी हिंडणारी आणि तिच्यापेक्षा कितीतरी जास्त अंडी देणारी ही कोंबडी भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांच्या, विशेषतः बायकांच्या, हातात रोजचा पैसा आणते. तिच्याबरोबर एक तक्रारही घरोघर आली. सकाळी खुराड्यात हात घालावा आणि कडक अंड्याऐवजी बोटांनी दबणारे, मऊ अंडे हाती यावे, ही ती तक्रार.

असे अंडे पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. आत पिवळा आणि पांढरा बलक जागेवर असतो, आकारही बराचसा अंड्याचाच असतो. पण वर कवच नसते, असतो तो फक्त ओलसर, चिवट पापुद्रा. उचलताना ते हातात लोळते आणि नख लागले तरी फुटते. काही अंड्यांवर चुन्याचा खरखरीत, अर्धवट थर असतो. काहींचे कवच इतके पातळ असते की दुसऱ्या कोंबडीचा पाय पडताच तडकते. मग घरात चर्चा सुरू होते. कोंबडीला रोग झाला असेल, जातच खराब निघाली असेल, विकून टाकावी की कापावी? आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कोंबडीपेक्षा तिच्या खाण्यात सापडते. जास्त अंडी देणारी कोंबडी आपण घरी आणली, पण तिला खायला घालतो ते मात्र थोडी अंडी देणाऱ्या कोंबडीचेच. मऊ अंड्यांच्या बहुतांश तक्रारींचे मूळ या तफावतीत आहे.

ते समजण्यासाठी अंडे कसे घडते ते पाहायला हवे. अंडाशयातून पिवळा बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो. तिथून पुढच्या भागात साधारण तीन तास त्याच्याभोवती पांढरा बलक जमा होतो. मग सव्वा तासात त्यावर दोन पातळ पापुद्रे चढतात. आपल्या हाती येणारे मऊ अंडे नेमके एवढ्याच टप्प्यापर्यंत पूर्ण झालेले असते. पुढचा मुक्काम कवचग्रंथीत. पंचवीसेक तासांच्या सगळ्या प्रवासातले सुमारे वीस तास अंडे या एकाच ठिकाणी काढते. आधी त्यात पाणी शिरते, ते टपोरे होते आणि मग पापुद्र्यावर कॅल्शिअम कार्बोनेटचे बारीक स्फटिक थरावर थर चढू लागतात. हे काम जोरात चालते ते दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत, म्हणजे कोंबडी खुराड्यात उपाशी बसलेली असते तेव्हा.

कवचग्रंथी स्वतःजवळ कॅल्शिअम साठवून ठेवत नाही. लागेल तसे रक्तातून उचलते. कवच भरात असताना उचलण्याचा वेग एवढा असतो की बाहेरून भर पडली नाही, तर कोंबडीच्या रक्तातले सगळे कॅल्शिअम बारा ते पंधरा मिनिटांत संपून जाईल. ही भर दोन ठिकाणांहून पडते: आतड्यात उरलेल्या खाद्यातून आणि हाडांतून. अंडी सुरू होण्याच्या दोनेक आठवडे आधी कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळे, भुसभुशीत हाड तयार होऊ लागते. रात्रीची गरज भागवण्यासाठी निसर्गाने केलेला हा राखीव साठा आहे. दिवसा तो भरायचा आणि रात्री खर्च करायचा, असा क्रम रोज चालतो. दिवसा तो भरलाच नाही, तर कोंबडी मूळ हाडांनाच हात घालते. तेही पुरेनासे झाले की अंडे कवचाशिवाय बाहेर पडते.

आता आकडे पाहू. ५५ ग्रॅमच्या अंड्याचे कवच साधारण पाच ग्रॅमचे असते आणि त्यात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शिअम असते. आपली गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीही आकाराने लहान. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, अंडी उबवते, पिल्ले सांभाळते आणि या विश्रांतीत तिची हाडे पुन्हा भरून निघतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया मात्र परसातही वर्षाला १६० ते १८० अंडी देऊ शकते, असे ती संस्था सांगते. १६० अंडी म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम कॅल्शिअम. कोंबडीच्या अख्ख्या सांगाड्यात मिळून कॅल्शिअम असते साधारण २० ग्रॅम. म्हणजे वर्षभरात ती आपल्या सांगाड्याच्या पंधरापट कॅल्शिअम अंड्यांवाटे आपल्याला देऊन टाकते. ते तिला परत मिळाले पाहिजे.

परत मिळते किती? अंड्याच्या दिवशी अशा कोंबडीच्या पोटात साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शिअम जायला हवे, कारण खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपासच अंगी लागते. शंभर ग्रॅम मका किंवा ज्वारीतून तिला मिळते जेमतेम तीन-चार शतांश ग्रॅम. तांदळाच्या कण्या त्याहून गरीब. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात नाचणी घालतात. नाचणी कॅल्शिअमसाठी सगळ्या धान्यांत श्रीमंत म्हणून ओळखली जाते, आणि ते खरेही आहे. पण शंभर ग्रॅम नाचणीतही कॅल्शिअम असते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याइतके. उरलेला भात, भाकरीचे तुकडे, भाजीची देठे यांनी कोंबडीचे पोट भरते, पण कवचाची गरज भागत नाही. कोंडा जास्त झाला तर उलटाच परिणाम होतो. त्यातला फायटेटच्या रूपातला फॉस्फरस कॅल्शिअमला धरून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. परसात हिंडताना कोंबडी किडे, गोगलगायी, हिरवा पाला टिपते. गावरान कोंबडीची गरज त्यावर बरीचशी भागते, ग्रामप्रियेची भागत नाही.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. पोल्ट्री खाद्याच्या दुकानात शेलग्रिट म्हणजे शिंपल्यांचा भरडा मिळतो, चुनखडीची खडी मिळते. दोन्ही मुळात कॅल्शिअम कार्बोनेटच. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तर तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपल्या घरातच असतात. त्या गोड्या पाण्यात नीट धुऊन मीठ काढावे, कडक उन्हात वाळवाव्यात आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या भरडाव्यात. अगदी पीठ करू नये. पीठ लगेच विरघळून निघून जाते. जाड कण कोंबडीच्या दाणे भरडणाऱ्या स्नायूंच्या पोटात अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत जातात. कवच घडते रात्री, तेव्हा कॅल्शिअमही रात्रीच हवे. म्हणून हा भरडा दुपारनंतर कोंबड्यांच्या पुढ्यात असलाच पाहिजे.

तो दाण्यात कालवण्यापेक्षा वेगळ्या भांड्यात ठेवावा, याला पक्के कारण आहे. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शिअमची स्वतंत्र भूक असते. गरज असेल तेव्हा ती आपणहून शिंपल्या टिपते आणि गरज भागली की सोडते. त्याच कळपात कोंबडा असतो, अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या तलंगाही असतात. त्यांच्या खाण्यात अंड्यावरच्या कोंबडीएवढे कॅल्शिअम सक्तीने मिसळले, तर लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. वेगळे भांडे ठेवले की ज्याला हवे तो खातो. अंडी सुरू झालेल्या कोंबड्या वेगळ्या ठेवता येत असतील, तर त्यांना साडेतीन ते चार टक्के कॅल्शिअमचे लेअर खाद्य द्यावे. वाढीच्या वयातल्या ग्रोअर खाद्यात कॅल्शिअम एक टक्क्याच्या आसपास असते. अंडी सुरू झाल्यावरही तेच पोते चालू ठेवणे, ही परसातली नेहमीची चूक आहे. घरच्या अंड्यांची टरफलेही चालतात. ती तव्यावर चांगली भाजून, ओळखू येणार नाहीत इतपत चुरून द्यावीत. पानाचा चुना पाण्यात किंवा दाण्यात कालवण्याचा सल्ला मात्र ऐकू नये. कळीचा असो की भिजवलेला, चुना दाहक असतो. चोच, घसा आणि पोट भाजतो.

नुसते कॅल्शिअम घालून भागत नाही, ते आतड्यातून रक्तात उतरावे लागते आणि त्यासाठी ड जीवनसत्त्व हवे. मोकळ्या कोंबडीला ते उन्हातून मिळते. शहरात गच्चीवर किंवा बाल्कनीत पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबड्यांना अनेकदा थेट ऊन लागतच नाही आणि काचेतून येणारे ऊन या कामी येत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या कोंबड्यांचीही हीच अवस्था होते: दिवसच्या दिवस खुराड्यात, ऊन नाही, किडे नाहीत आणि दाणे दमट. दमट दाण्याला बुरशी लागते, बुरशीचे विष यकृत बिघडवते आणि ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देण्याची पहिली पायरी यकृतातच पार पडते. म्हणून वास येणारा, गोळे झालेला दाणा कोंबडीला घालू नये. माणसाला नको ते तिलाही नको.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. विदर्भात, मराठवाड्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकू लागते. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगातली उष्णता बाहेर काढायचा तिचा मुख्य मार्ग श्वास हाच. पण भराभर श्वास टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कवच कॅल्शिअम कार्बोनेटचे असते आणि त्यातला कार्बोनेट तयार होतो तो याच वायूपासून. त्यात उकाड्याने खाणेही कमी होते. म्हणजे कवचाची दोन्ही सामग्री एकाच वेळी तुटते. अशा दिवसांत शिंपल्या समोर असूनही पातळ अंडी येतात. यावर सावली, गार पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलणे, खुराड्यावर ओले गोणपाट टाकणे आणि दाणा पहाटे व संध्याकाळी गारव्यात घालणे, हेच खरे उपाय.

पाण्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पिण्याच्या पाण्यातले मीठ वाढले की कवच बिघडते, हे संशोधनातून पुढे आले आहे; खाद्य चांगले असूनही कवच बिघडू शकते. आपल्याकडे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. तिथले विहिरी-बोअरचे पाणी माणसालाही पिववत नाही. अशा गावांत आणि खाडीकाठच्या वस्त्यांत मऊ अंड्यांची तक्रार आली, तर आधी कोंबड्यांना काही दिवस नळाचे किंवा साठवलेले पावसाचे गोडे पाणी देऊन पाहावे.

काही मऊ अंडी अगदी निरुपद्रवी असतात, हेही सांगायला हवे. तलंग पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा सुरुवातीची एखाद-दोन अंडी कवचाविना येऊ शकतात. तिच्या शरीराची लय अजून बसायची असते. कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि दुसऱ्या अंड्याला कवचग्रंथीत पुरेसा वेळ मिळत नाही. रात्री कुत्रे, मांजर, मुंगूस खुराड्याभोवती फिरले, लग्नाच्या वरातीचे फटाके वाजले, तर घाबरलेली कोंबडी अंडे वेळेआधीच टाकते. कोंबडी म्हातारी होत जाते तशी अंडी मोठी होतात, पण कवचासाठी येणारे कॅल्शिअम तेवढेच राहते. तेवढाच चुना मोठ्या पृष्ठभागावर पसरतो आणि कवच पातळ होते. यातल्या कशातही औषधाचे काम नाही.

रोगाची शक्यता मात्र ओळखता आली पाहिजे. संसर्गजन्य ब्राँकायटिसमध्ये कवच सुरकुतलेले, वेडेवाकडे येते आणि आतला पांढरा बलक पाण्यासारखा पातळ होतो. शिंका आणि घरघर त्याआधी दिसू शकतात. राणीखेत म्हणजे मानमोडीतून वाचलेल्या कोंबड्याही मऊ आणि विद्रूप अंडी देतात. १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा वर्णन झालेल्या ‘एग ड्रॉप सिंड्रोम’ या विषाणूजन्य रोगात कोंबड्या वरवर धडधाकट दिसतात, पण तपकिरी अंड्यांचा रंग उडतो, अंडी एकदम घटतात आणि बिनकवचाची निघू लागतात. या विषाणूचे मूळ घर बदकांत आहे. म्हणून बदके आणि कोंबड्या एकाच डबक्यावर, एकाच खुराड्यात ठेवू नयेत. औषधांचाही एक धोका आहे. रक्ती हगवणीवर दुकानातून सर्रास आणली जाणारी सल्फा गटातली औषधे कवचग्रंथीतल्या कार्बोनिक अनहायड्रेज या विकराचे काम रोखतात. मऊ अंडे दिसले म्हणून मनानेच औषध पाजले, तर अंडी आणखी मऊ होऊ शकतात.

मग घरच्या माणसाने ठरवावे कसे? मोजणी ठेवली तर उत्तर सापडते. एका कोंबडीचे एकदा मऊ अंडे आले तर काही करू नये. एकाच कोंबडीची वारंवार येत असतील तर तिचे वय पाहावे, तिच्यावर लक्ष ठेवावे. सगळ्यांचीच येऊ लागली तर खाणे, ऊन, उकाडा, पाणी या क्रमाने तपासावे. शिंपल्या सुरू केल्यावर दोन आठवड्यांत फरक दिसायला हवा. अंडी एकदम घटली, शिंका, हिरवी विष्ठा, लुळे पाय दिसले, किंवा एखादी कोंबडी शेपटी खाली टाकून, अंग फुगवून जोर करत बसली, तर वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. शेवटचे लक्षण अंडे आत अडकल्याचे असू शकते. कॅल्शिअमअभावी अंडे ढकलणारे स्नायूही थकतात आणि मऊ अंडे आतच फुटले तर जिवावर बेतते. बाहेर आलेले मऊ अंडे खाऊ नये, कारण जंतूंना अडवणारे कवचच त्याला नसते. ते खुराड्यात पडूही देऊ नये. कोंबड्यांना एकदा त्याची चव लागली की त्या चांगली अंडीही फोडू लागतात.

आमच्या आजीच्या कोंबड्यांना कुणी शिंपल्या घातल्या नव्हत्या, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खरेच आहे. पण त्या कोंबड्या वर्षातले बरेच महिने अंडी देत नव्हत्या आणि त्यांना हिंडायला उकिरडे, गोठे, वाड्याच्या चुन्याच्या पडक्या भिंती होत्या. आज अंगणे सिमेंटची झाली, भिंतींना ऑइलपेंट लागला आणि कोंबडीकडून अपेक्षा तिप्पट झाली. जुनी पद्धत हवी असेल तर जुनी गावरान कोंबडी पाळावी, तीही उत्तम आहे. सुधारित कोंबडी हवी असेल तर तिच्या खाण्याची जबाबदारीही घ्यावी लागेल.

ही जबाबदारी एकट्या पाळणाऱ्यावर टाकून चालणार नाही. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर असा तलंगा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. योजना चांगली आहे आणि अनेक घरांना तिने उभे केले आहे. पण या वयाच्या तलंगा अंड्यावर यायला आणखी तीन महिने तरी लागतात. पक्षी वाटपाच्या दिवशी दिलेला सल्ला तोवर विसरला जातो आणि कॅल्शिअमची गरज तर तेव्हा कुठे सुरू होते. पंचवीस कोंबड्यांना महिन्याला साधारण तीन-चार किलो शिंपल्यांचा भरडा पुरतो. त्याचा खर्च मोजक्या अंड्यांच्या किमतीत भागतो. तलंगा गटाबरोबर पहिल्या काही महिन्यांचा भरडा द्यावा, तो कधी आणि कसा ठेवायचा याची मराठीतली एक पानाची चिठ्ठी द्यावी आणि पक्षी अंड्यावर येण्याच्या सुमारास पशुसखीने, म्हणजे पशुपालनाचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या कार्यकर्तीने, एकदा घरी जाऊन पाहावे, एवढे झाले तरी पुष्कळ नुकसान टळेल. मोजमाप बदलण्याचीही गरज आहे. किती पक्षी वाटले याची नोंद ठेवतो तशी वर्षअखेर किती कोंबड्या धडधाकट राहून अंडी देत आहेत, याची नोंद ठेवली पाहिजे.

कारण मऊ अंड्याचे नुकसान एका अंड्यापुरते नसते. त्याआधी कित्येक आठवडे कोंबडीने आपली हाडे झिजवून कडक अंडी दिलेली असतात. तुमच्या परसातल्या तलंगांचा तुरा लाल होऊ लागला असेल, तर पहिल्या मऊ अंड्याची वाट पाहू नका. शिंपल्यांच्या भरड्याचे एक वेगळे भांडे आजच खुराड्याजवळ ठेवा आणि ते कधी रिकामे पडू देऊ नका.